टेबल सॉ: पात्याच्या मागे काय आहे ते पाहा

टेबल सॉ चालवताना लक्ष पात्याच्या पुढच्या दातांवर असते. दगा मात्र मागचे देतात. पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, मागचे वर उसळतात. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास भरतो. ताण असलेल्या लाकडाची चीर मिटली की मागचे दात ते उचलून कारागिरावर फेकतात, कधी हातही पात्याकडे ओढला जातो. पात्यामागची रायव्हिंग नाइफ ही पोलादी पट्टी चीर मिटू देत नाही. म्हणून गॉगलच्याही आधी तिची चौकशी करावी. (हातमोजे घालूच नयेत, दातांत अडकून ते हात आत खेचतात.)

पट्टी कामात अडते, हा आक्षेप पात्यामागच्या जुन्या स्थिर पट्टीबाबत, म्हणजे स्प्लिटरबाबत, खरा होता: खाच पाडताना तो काढावा लागे, आणि काढलेला पुन्हा बसवण्याचा कंटाळा येई. रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर वर-खाली होते, माथ्यापेक्षा किंचित खाली राहते, म्हणून खाच पाडताना ती काढावी लागत नाही. बोट लागताच पाते थांबवणारी यंत्रे निघाली आहेत, पण उसळलेले लाकूड ती अडवत नाहीत. यंत्र घेताना पट्टी तपासा: जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त, चिरेपेक्षा कमी हवी.