मास्तरीणबाई मस्कतला निघाल्या

रत्नागिरीकराला परदेश म्हणजे काही सातासमुद्रापलीकडची नवलकथा नव्हे. राजापूर, संगमेश्वर, दापोलीकडच्या कितीतरी घरांत कुणाचा भाऊ बोटीवर असतो, तर कुणाचा मेहुणा कुवेतला किंवा दोह्याला. पण आता निघाली आहे ती मंडळी निराळी. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, मग बी. एड. केलेली आणि तासिका तत्त्वावर दोन-चार वर्षे काढून कंटाळलेली मुलगी आई-वडिलांना म्हणते, "मी इंग्रजी शिकवायला बाहेर जाते."

तिचे म्हणणे वावगे नाही. बहारीनची इंडियन स्कूल 1950 सालची, मस्कतची 1975 सालची. आखातातल्या अशा शाळांतून आपल्याकडचाच सीबीएसईचा अभ्यासक्रम चालतो आणि तो शिकवायला माणसे लागतात. अडचण शाळेची नसते, असते ती मधल्या माणसाची. तो फोनवर मोठा गोड बोलतो. "काका, मस्कतची एकच जागा उरलीय. आज टोकन भरलंत तर ठीक, उद्या सांगता येणार नाही." काकांच्या डोळ्यांपुढे तोवर विमान उडालेले असते!

वडिलांना वाटते, गवंडी-सुतारांना फसवतात हे खरे, पण आपली मुलगी शिकलेली, तिला कोण फसवणार? गंमत अशी की सरकारी व्यवस्थेत प्रकार नेमका उलटा आहे. दहावी न झालेला मजूर ओमान, कुवेत, सौदीसारख्या 18 देशांपैकी एखाद्या देशात कामाला निघाला, तर उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घेतल्यावाचून त्याला जाता येत नाही. 1983 च्या उत्प्रवास कायद्याने हे कार्यालय त्याच्यासाठी ठेवले आहे. तेथे त्याचे करारपत्र पाहिले जाते आणि 10 लाख रुपयांचा विमा त्याला सक्तीने उतरवावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता अवघा 275 रुपये! आमच्या मास्तरीणबाई मात्र दहावीच काय, पदवीधर. त्यांच्या पासपोर्टाला ही मंजुरी लागत नाही. त्या दारावरून त्या ताठ मानेने पुढे जातात आणि त्यांचे करारपत्र कोणीच वाचत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये सरकारने अशा सुशिक्षितांनाही या 18 देशांसाठी नोंदणी सक्तीची केली होती. परंतु अंमल सुरू होण्याआधीच हुकूम स्थगित झाला आणि नोंदणी ऐच्छिक राहिली. ऐच्छिक गोष्ट आपल्याकडे किती जण करतात, ते सांगायला नको.

म्हणजे जे काम मजुरासाठी सरकार करते, ते शिक्षिकेच्या बाबतीत घरच्यांनी करायचे आहे.

पहिली चौकशी परवान्याची. नोंदणीकृत एजंटाला परवाना क्रमांक असतो आणि सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तो ताडून पाहता येतो. मुंबईच्या परवानेदाराचे नाव सांगत तालुक्याच्या गावी फिरणारा गृहस्थ त्या परवान्यात बसत नाही. तो आपल्या मावसभावाच्या ओळखीचा असला तरी नाही! परवानेदाराने उमेदवाराकडून फार तर 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घ्यावा, मिळून 35,400, आणि त्याची पावती द्यावी, असा नियम आहे. लाख-दीड लाख रोख मागणारा आणि पावतीचे नाव काढताच "विश्वास नाही का?" म्हणून रुसणारा माणूस नियमाच्या कितपत आत आहे, ते ज्याचे त्याने ठरवावे. शाळेला शिक्षक हवा असेल तर माणूस शोधून देण्याचा मोबदला शाळेनेच देणे रास्त, हे सरळ व्यवहाराचे लक्षण आहे.

मग व्हिसा. "आधी भेटीच्या व्हिसावर जा, तिथे पोचल्यावर बदलून घेऊ," हे वाक्य कानी आले की तिथेच बोलणे थांबवावे. भेटीच्या व्हिसावर शिकवणे हा तिकडे गुन्हा आहे आणि पकडली जाते ती शिक्षिका, एजंट नव्हे. पासपोर्ट शाळेच्या कपाटात ठेवायचा अशी अट असेल, तर आपला पासपोर्ट कायद्याने भारत सरकारच्या मालकीचा असतो, हे नम्रपणे सांगता येते.

आखाताबाहेरचे थोडे निराळे आहे. चीनमध्ये परदेशी भाषाशिक्षकाने सर्वसाधारणपणे स्वतःची मातृभाषाच शिकवावी, असा दंडक आहे. दक्षिण कोरियाने मात्र 2010 सालच्या करारान्वये भारतीय इंग्रजी शिक्षकांना साहाय्यक म्हणून दार किलकिले केले. थायलंडच्या जाहिराती जपून वाचाव्यात. सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयानेच इशारा दिला, की थायलंडमधील नोकरीच्या आशेने गेलेल्या संगणक जाणणाऱ्या तरुणांना बेकायदा सीमेपार, बहुतेक म्यानमारमध्ये नेऊन डांबले जाते आणि सक्तीने कामाला जुंपले जाते. तीही मुले शिकलेलीच होती. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवले आणि 1916 साली तो इथेच वारला. परक्या मुलखात अडकून पडणे काय असते, हे या गावाला निराळे सांगावे लागू नये.

एवढे सगळे जमले तरी आमच्या मते खात्रीचा मार्ग एकच. एजंटाला बाजूला ठेवून शाळेला थेट लिहावे. पत्ता एजंटाकडून घेऊ नये, शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. विचारायचे इतकेच: या नावाचा इसम आपल्यासाठी शिक्षक नेमतो काय, जागा खरोखर आहे काय, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट कोणाकडे? खरी शाळा उत्तर देते. आणि त्या शाळेत आधी शिकवून आलेली एखादी बाई जिल्ह्यात सापडली, तर तिच्या घरी एक दुपार जाऊन बसावे. पगार वेळेवर होतो का, हे करारपत्रापेक्षा ती बरे सांगेल.

तिकडच्या सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. पदवीच्या कागदावर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. ओमानला अपोस्टिल चालते, कुवेतला मात्र त्यांच्या वकिलातीचाही शिक्का हवा. मुंबईच्या खेपा त्यात आल्याच. तेव्हा फराळाचे डबे रिकामे होताच कागदांच्या मागे लागलेले बरे.