‘कतब’ म्हणजे लिहिले. पण मजकूर सांगायचा कोणी?

मकतब, किताब, कातिब हे शब्द आपल्या घरात रोजचे. तिन्ही शब्द काफ, ते, बे या तीन अक्षरांतून निघाले. मूळ क्रियापद ‘कतब’, म्हणजे त्याने लिहिले. ‘यक्तुबु’ म्हणजे तो लिहितो, ‘उक्तुब’ म्हणजे लिही. लिहिलेले ते मक्तूब, लिहिणारा तो कातिब. आखाती देशांतील शेअरविक्रीच्या बातम्यांत ‘इक्तिताब’ हा शब्द येतो, तोही याच कुळातला.

या क्रियापदापुढे ‘अला’, म्हणजे ‘वर’, आले की अर्थ बदलतो. ‘कुतिब अलैकुम’ म्हणजे शब्दशः ‘तुमच्यावर लिहिले गेले’, अर्थात बंधनकारक केले गेले. रोज्यांच्या आयतीत, सूरह बकरा 183 मध्ये, हेच शब्द आहेत.

त्याच सूरहची 282 वी आयत आम्हा-तुम्हा व्यापारीबंधूंच्या कामाची. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषय उधारी! मुदतीचे कर्ज असेल तर ‘फक्तुबूहु’. शेवटचा ‘हु’ म्हणजे ‘ते’. ते कर्ज लिहून ठेवा. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. हातोहात रोख व्यवहार असेल तर न लिहिल्यास दोष नाही. पुढच्या आयतीत परस्पर विश्वासाची सवलत आहे, म्हणून बहुसंख्य फुकहा लिहिणे फर्ज न मानता मुस्तहब मानतात. ही सवलत आपण जरा सढळ हातानेच वापरतो.

आमचे लक्ष वेधले ते पुढच्या शब्दांनी. लिहायचे कातिबाने, तेही न्यायाने. पण मजकूर सांगायचा तो ज्याच्या अंगावर देणे आहे त्याने. शाळेत मुलांना ‘इम्ला’ सांगतात, तसा. त्याला सांगता येत नसेल तर त्याच्या वलीने सांगावा. शिवाय साक्षीदार हवेतच.

आता मालेगाव-भिवंडीकडचा एखादा यंत्रमाग कारखाना डोळ्यांपुढे आणा. कारागीर बहिणीच्या लग्नासाठी उचल घेतो. वही शेठची, पेन शेठचे आणि आकडाही शेठच सांगतात. कारागीर फक्त अंगठा उठवतो. शेठ लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. पण दोन वर्षांनी किती फिटले यावर वाद निघाला की कारागिराजवळ साधा चिठोराही नसतो, आणि उचल फिटल्याशिवाय दुसऱ्या कारखान्यात जायची सोय नाही. आयतीच्या रीतीने आकडा कारागिराने साक्षीदारांसमोर मोठ्याने सांगायचा आणि मुनीमजींनी तो तसाच उतरवायचा. त्याची एक नक्कल कारागिराच्या खिशात जावी, ही आमची पदरची पुरवणी.

शेठमंडळींनी यात आपले नुकसान पाहू नये. सूत उधारीवर उचलताना तेच देणेकरी असतात, आणि तेव्हा मजकूर सांगण्याचा हक्क त्यांचा असतो.