लहान स्वाराचं हेल्मेट आणि बुटाची टाच

हमद टाउनच्या दक्षिणेला साखीरच्या वाळवंटात 'एन्ड्युरन्स', म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडी होतात. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत चाबूक आणि बुटाची आर, दोन्हींना मनाई आहे. हेल्मेट सक्तीचं. बुटाला किमान १२ मिलिमीटर टाच हवी, नाहीतर रिकीब पुढून जाळीने बंद हवी. कारण साधं आहे: सपाट बूट रिकिबीतून आरपार सरकतो, आणि पडलेलं पोर घोड्यामागे फरफटत जातं.

हेल्मेटचं गणित त्याहून मजेशीर. दोन मीटरवरून पडलेलं डोकं ताशी २२-२३ किलोमीटर वेगाने जमिनीवर येतं. ते २ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर बसणारा झटका गुरुत्वाच्या सरासरी हजारपट. हेल्मेटमधला फोम २ सेंटिमीटर दबला, तर शंभरपट. हा फोम म्हणजे आपलं थर्माकोलच, फक्त जास्त घट्ट. एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही! म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी बाद. ताईचं जुनं हेल्मेट धाकट्याला देण्याआधी, ती त्यात कधी पडली होती का, हे विचारा. आणि इथल्या उन्हाळ्यात ते बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने फोम आणि गोंद दोन्ही बिघडतात.