लघवी तुंबते तेव्हा

बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो. ट्रे मात्र कोरडाच. पोट साफ होत नसेल, असे समजून घरचे एरंडेल शोधू लागतात. या गैरसमजात दिवस गेला तर जिवावर बेतते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार चिंचोळा असतो. बारीक खडे व चिकट स्राव यांचे बूच तिथे बसले की मूत्राशय फुगते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदयाची लय बिघडते. अशा वेळी आधी नळी घालून वाट मोकळी करायची. औषधे त्यानंतर.

लघवी होताना दोन क्रिया जुळाव्या लागतात. मूत्राशयाचा स्नायू आवळतो आणि त्याच वेळी मूत्रमार्गाचे स्नायू सैलावतात. बिघाड यांपैकी कुठे आहे, त्यावर औषध ठरते. फार ताणल्यामुळे मूत्राशय लुळे पडले असेल तर बेथानेकॉल त्याला आवळायला लावते. पण वाट बंद असताना ते देणे म्हणजे दार न उघडता आतून धक्के मारणे! म्हणून मार्ग मोकळा असल्याची खात्री आधी हवी.

मणक्याची चकती सरकलेल्या डॅशहुंडसारख्या कुत्र्यांत बऱ्याचदा उलटे होते. मूत्रमार्ग आवळूनच राहतो. तिथे प्राझोसिन किंवा टॅमसुलोसिन उपयोगी पडते. प्राझोसिन मूळचे माणसांच्या रक्तदाबाचे औषध, त्यामुळे जनावर मलूल होते का, यावर लक्ष ठेवावे लागते. बोक्यांनाही ते वर्षानुवर्षे सर्रास दिले गेले. मात्र अलीकडच्या अभ्यासांत त्याने मार्ग पुन्हा तुंबण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. त्यात नवल नाही. ते अनैच्छिक स्नायूंवर चालते, आणि बोक्याच्या मूत्रमार्गाच्या टोकाकडे मुख्यतः दुसऱ्या जातीचे स्नायू असतात. डायझेपाम त्या स्नायूंना सैलावते खरे, पण तोंडावाटे दिल्यास क्वचित काही मांजरांचे यकृत निकामी होऊन ती दगावतात. घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून देण्याचा प्रयोग म्हणूनच नको.

पाठीचे दुखणे असलेल्या कुत्र्याचे मूत्राशय पोटावर हलका दाब देऊन दिवसातून तीन-चार वेळा रिकामे करावे लागते. पशुवैद्य ते घरच्यांना हात धरून शिकवतात. तुंबलेल्या बोक्यावर मात्र ही युक्ती कोणी करू नये. ताणलेले मूत्राशय दाबाने फुटू शकते.