संदेश पुसणारं रसायन

सप्टेंबर-ऑक्टोबरात विदर्भातली कपाशी माणसाच्या छाती-खांद्याला लागते. पाठीवर पंप अडकवून तिच्यात शिरलं की फवाऱ्याचे तुषार तोंडावर, मानेवर उडणारच. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात अशा फवारणीत शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. तेव्हा वापरात असलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस होती. ही दोन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली.

या गटाचं विष अंगात भिनलेला रुग्ण आला की डॉक्टर आधी डोळे पाहतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या असतात. तोंडातून लाळ गळते, अंग घामानं निथळतं, छातीत घरघर, नाडी मंद, आणि कातडीखाली स्नायू आपोआप थरथरत असतात. डोळा, फुप्फुस, हृदय, मांडीचा स्नायू यांचा एरवी एकमेकांशी काय संबंध? संबंध एवढाच, की त्यांच्याकडे येणाऱ्या नसा एकच रसायन वापरतात: ॲसिटिलकोलीन.

चेतापेशीच्या आत संदेश विजेच्या रूपात धावतो. पण तिचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. केसाची जाडी तिच्या हजारपटीहून जास्त भरेल. विजेची लाट टोकाशी पोचली की तिथं कॅल्शियम आत शिरतं, ॲसिटिलकोलीननं भरलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि ते रसायन फट ओलांडून पलीकडच्या ग्राहींवर जाऊन बसतं. स्नायू आखडतो.

नसा रसायनानं बोलतात, हे मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच शास्त्रज्ञांना पटत नव्हतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या ऑटो लोवींना एका रात्री झोपेत प्रयोग सुचला. त्यांनी तो कागदावर खरडला, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तोच विचार पुन्हा आला, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले, अशी आठवण त्यांनीच पुढे सांगितली. (थोडी रंगवलेली असेलही; पण प्रयोग पक्का होता.) बेडकाची दोन हृदयं मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाची व्हेगस नस विजेनं चेतवली, ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं. त्याला कोणत्याही नसेनं काही सांगितलं नव्हतं, तरी तेही मंदावलं. १९२१मध्ये हे प्रसिद्ध झालं. द्रावणातला पदार्थ ॲसिटिलकोलीन असल्याचं पुढे ठरलं आणि १९३६चं नोबेल लोवी व हेन्री डेल यांना विभागून मिळालं.

मला लोवींचं त्यानंतरचं काम अधिक मोलाचं वाटतं, कारण ते थेट यवतमाळपर्यंत येतं. ॲसिटिलकोलीन फटीत टिकत नाही, एक विकर त्याचे तुकडे करतं, हे त्यांनी दाखवलं. या विकराचा, म्हणजे ॲसिटिलकोलिनेस्टरेजचा, एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार बीमधलं एसेरीन नावाचं द्रव्य त्याला रोखतं, हेही त्यांच्याच प्रयोगांतून दिसलं. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमकं हेच करतं, फक्त जास्त चिवटपणे: विकराला चिकटून बसतं आणि सहजी सुटत नाही. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं, तसं मग होतं. संदेश येतच राहतो. स्नायू आधी थरथरतो आणि मग दमून लुळा पडतो; श्वासाचे स्नायूही त्यातच आले. याच कुळातली रसायनं किडींसाठी शोधताना जर्मनीत गेरहार्ड श्राडर यांच्या हाती १९३६मध्ये टॅबून लागलं, आणि ते युद्धातलं विष ठरलं.

उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. धोतऱ्यातही ते असतं. ते विकर सोडवत नाही, ग्राहीवरच ठाण मांडतं. दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत, छातीतली घरघर थांबेपर्यंत ते द्यावं लागतं. पण स्नायूंवरचे ग्राही वेगळ्या जातीचे. तिथं ॲट्रोपिन चालत नाही. म्हणून छाती मोकळी झालेल्या रुग्णालाही व्हेंटिलेटर लागू शकतो.

निकामी झालेलं विकर शरीर पुन्हा बनवतं, पण सावकाश. तांबड्या पेशींतलं त्याचं प्रमाण दिवसाला जेमतेम एक टक्क्यानं भरून येतं. म्हणजे बरा होऊन घरी आलेला माणूस पुढचे कित्येक आठवडे अपुऱ्या विकरावर जगत असतो आणि त्याला एरवीपेक्षा कमी विषही पुरतं. हे रक्ततपासणीत मोजता येतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात या गटाची औषधं नेमानं हाताळणाऱ्या मजुरांची हंगामाआधी आणि हंगामात अशी तपासणी कायद्यानं होते. तांबड्या पेशींतलं विकर मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर उतरलं की मजुराला फवारणीवरून हटवतात आणि ते ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत लावत नाहीत. कपाशीच्या पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हंगामापूर्वी हीच तपासणी सुरू करायला काय हरकत आहे?