मरणाआधीची वर्गणी

आत्महत्या आणि वर्गणी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं काहींना वाटलं असेल. संबंध आहे, आणि आपल्या तो परिचयाचाही आहे. २०१५ साली नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरच्यांना मदत द्यायला सुरुवात केली, त्यातून 'नाम फाउंडेशन' उभं राहिलं. तेव्हा लोकांनी भरभरून पैसे दिले. म्हणजे आपल्याकडे हात आखडता नाही. सरकारही पात्र शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपये देतं. यातलं काहीही कमी लेखायचं नाही. उघड्यावर पडलेल्या घराला आधी किराणाच लागतो.

पण बघा, हा पैसा दारात येतो तेव्हा माणूस गेलेला असतो. तो असताना, त्याला झोप लागत नव्हती, तो कुणाशी बोलत नव्हता, तेव्हा खर्च करायला आपण कधी वर्गणी काढली का?

आकडा सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आणि हे सगळे शेतकरी नाहीत बरं का. देशातली चारांतली एक व्यक्ती रोजंदारीवर काम करणारी होती. आपल्या बातम्यांत ती फारशी दिसत नाही.

मग आधीच्या कामाला पैसा का मिळत नाही? मंदिराचा कळस दिसतो, शस्त्रक्रिया झालेलं मूल दिसतं. इथे काम नीट झालं, तर काहीच घडत नाही! एक माणूस सकाळी उठून कामाला जातो, बस. त्याचा फोटो काढता येत नाही, आणि काढूही नये. दुसरं कारण म्हणजे लाज. या कामासाठी पैसे दिले तर 'यांच्या घरात काही झालंय का?' असं लोक विचारतील, ही भीती.

ही लाज आयर्लंडमध्येही होतीच. तिथे 'पिएटा' नावाची संस्था मनानं खचलेल्यांना मोफत समुपदेशन देते, आणि तिचा बराचसा खर्च लोकांच्या देणग्यांतून चालतो. २००९ साली डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये सुमारे ४०० माणसं पहाटेच्या अंधारात निघाली आणि उजाडेपर्यंत ५ किलोमीटर चालली. 'अंधारातून उजेडाकडे' अशा अर्थाचं नाव होतं त्या चालण्याला. आज ते देशभर आणि देशाबाहेरही होतं. पैसा जमला हे खरंच, पण आम्हाला त्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. ज्या घरानं वर्षानुवर्षं 'हार्ट अटॅक आला' असं सांगितलं, त्या घराला शेजाऱ्यांबरोबर चालता आलं. आपल्या वारीच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता हिशेबाचा प्रश्न: जमलेल्या पैशाचं करायचं काय? याचं उत्तर अमरावती जिल्ह्यात मिळतं. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. पैसा टाटा ट्रस्टचा होता, वर्गणीचा नव्हे, पण तो कशावर गेला ते पाहा. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण, घरोघरी आणि छोट्या बैठकांत बोलणं, समुपदेशक, आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम ४ जण मदत घेत होते, नंतर सुमारे २७. आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाणही ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. म्हणजे पैसा लागतो तो मानधनाला, एसटीच्या भाड्याला, फोनच्या रिचार्जला. देणगीदाराला हे फार रुक्ष वाटतं. वाटू दे! 'तुमच्या ५०० रुपयांत एक जीव वाचला' असं मात्र कुणी सांगू नये. तसं मोजता येत नाही, आणि खोटा हिशेब एकदा दिला की पुढच्या वर्षी खरा देता येत नाही.

तुमच्या मंडळानं हे करायचं ठरवलं, तर आधी परवानगीचं बघा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणपतीत घेता तशीच. मग फलक. गेलेल्याचा फोटो नको, त्यानं काय आणि कसं केलं याचा तपशील नको. एकच कारण लिहून मोकळं होऊ नका, कर्ज, परीक्षा, सासर वगैरे. कारणं बहुधा गुंतलेली असतात, आणि त्याच अडचणीत असलेला माणूस तो फलक वाचत असतो. घरातलं कुणी व्यासपीठावर बोलायला तयार असेल तर उत्तम, पण गळ घालू नका.

आणि पावती. तिच्या मागच्या बाजूला 'टेलि-मानस, १४४१६' एवढं छापा. केंद्र सरकारची ही हेल्पलाइन २०२२पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. पावती पैसे देणाऱ्यालाच मिळते, म्हणून तोच नंबर वेगळ्या चिठ्ठीवरही छापून घ्या, आणि ज्या घरानं 'आमच्याकडे असलं काही नाही' म्हणून दार लावलं, तिथेही ती ठेवून या.