पायांचा घाट आणि चाकांचा घाट

कल्याणहून नगरकडे जाणारी एस.टी. माळशेज घाट चढून वर आली की पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी दिसू लागते. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे खिरेश्वर या जलाशयाकाठीच आहे, आणि याच परिसरात रस्त्यालगत मढ हे गाव लागते. ‘मढ’ या शब्दाचा एक अर्थ मठ किंवा लहान देऊळ असा आहे. पण केवळ नावावरून गावाचा इतिहास ठरवू नये. त्यासाठी आधी गावाची जागा पाहावी.

सह्याद्रीचा कडा पश्चिमेला कोकणात एकदम तुटतो. पूर्वेकडे मात्र जमीन नद्यांच्या खोऱ्यांतून हळूहळू उतरत जाते. लाव्हाच्या आडव्या थरांमुळे कड्याला पायऱ्यांसारखे टप्पे पडलेले आहेत. कडा जिथे खचलेला किंवा चिरलेला असेल तिथूनच वाट काढता येते. अशी वाट म्हणजे घाट. चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला प्रथम पाणी, चारा आणि सपाटी हवी असते. म्हणून घाटमाथ्याजवळच्या खोऱ्यांतील गावांना महत्त्व येते.

जुन्नर तालुक्यात असे दोन प्रसिद्ध घाट आहेत: नाणेघाट आणि माळशेज. दोन हजार वर्षांपूर्वी मान नाणेघाटाला होता. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून आलेला माल येथून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांची संख्या त्यात चिन्हांनी लिहिली आहे. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी तो एक आहे. त्यात शून्य नाही. दहा, वीस, शंभर यांना वेगवेगळी चिन्हे आहेत, आणि चारशे लिहिण्यासाठी शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, अशी समजूत आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचे, तसेच यवन दात्यांचेही लेख आहेत. या व्यापाराची पोच किती दूर होती, हे त्यावरून समजते.

मग आजचा हमरस्ता नाणेघाटातून का जात नाही? एक साधे गणित करून पाहू. समजा, ६०० मीटर चढायचे आहे. माणूस किंवा पाठीवर गोणी लादलेला बैल दर ६ मीटर चालीमागे १ मीटर चढू शकतो असे धरले, तर वाट ३,६०० मीटर, म्हणजे ३.६ किलोमीटरची होईल. लादलेल्या गाडीला मात्र सौम्य चढ हवा. दर २० मीटरमागे १ मीटर चढ धरला तर रस्ता १२ किलोमीटरचा होतो. एवढी लांबी मिळवायची तर डोंगराच्या कुशीने वळणे घेत जावे लागते. नाणेघाट ही दोन कड्यांमधील अरुंद खिंड आहे. तिथे पायऱ्या बसतात, वळणे बसत नाहीत. म्हणून तो पायांचा घाट राहिला आणि मोटाररस्ता माळशेजने गेला.

पण चाकांनी पहिली निवड या दोहोंपैकी कोणाचीच केली नव्हती. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये तेथूनच आगगाडी वर चढली, आणि १८६५ मध्ये थळघाटातून दुसरा लोहमार्ग गेला. मुंबईचा माल या दोन दिशांना वळला आणि मधल्या घाटवाटांवरील बैलांचे तांडे ओसरले. डोंगर होते तिथेच होते. बदलले ते वाहन.

असेच आल्प्समध्ये घडले. स्वित्झर्लंडमधील अँडरमॅट हे लहान गाव गॉटहार्ड खिंडीच्या वाटेवर आहे. खिंड ओलांडणाऱ्या प्रवाशांवर आणि टपालगाड्यांवर त्याचा चरितार्थ चाले. १८८२ मध्ये सुमारे १५ किलोमीटर लांबीचा रेल्वे-बोगदा सुरू झाला. तो या गावाच्या खालून जातो. गाव जागच्या जागी राहिले, पण वाहतूक त्याच्या पायाखालून निघून गेली.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. एखादे गाव ‘आडवळणी’ आहे असे आपण सहज म्हणतो, पण आडवळण हा त्या जमिनीचा कायमचा गुण नसतो. त्या काळी माल कशावरून वाहिला जातो, यावर ते ठरते. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेले घाटघर एके काळी महामार्गावर होते. आज महामार्ग मढवरून जातो. उद्याचे कोण सांगणार?

शिक्षकांना वर्गात एक प्रयोग करता येईल. आपल्या तालुक्याचा समोच्च रेषांचा नकाशा घ्यावा. दोन गावांच्या उंचीतील फरक काढावा आणि दोऱ्याने पायवाटेची व गाडीरस्त्याची लांबी मोजावी. लांबीला उंचीच्या फरकाने भागले की चढ कळेल. मग गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारावे, पूर्वी बाजाराला कोणत्या वाटेने जात होता? नकाशा आणि आठवण जिथे जुळत नाहीत, तिथे गावाच्या इतिहासाचे एक पान सापडेल.